पत्रे आणि स्क्रॅपर: सफाई, धार आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात रंगकामाची गर्दी वर्षातून दोनदा होते. एकदा उन्हाळ्यात लग्नसराईच्या तोंडावर आणि एकदा दसरा-दिवाळीच्या आधी. तेव्हा घरोघरी माळ्यावरून पत्रे (पुट्टी ओढायची रुंद पाती) आणि स्क्रॅपर खाली उतरतात, आणि बरेचसे मागच्या वर्षीची पुट्टी अंगावर घेऊनच उतरतात. आम्ही रंगकामाची कंत्राटं घेतो. लोक रंगाच्या कंपनीबद्दल आणि शेडबद्दल भरपूर विचारतात, हत्याराबद्दल फारसं कोणी विचारत नाही. पण भिंतीवर उमटलेली रेघ बहुतेक वेळा पात्याच्या कडेची असते, रंगाची नसते. जे विचारतात त्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

घरात तीन-चार प्रकारचे स्क्रॅपर आहेत. सगळ्यांची निगा एकसारखीच ठेवायची का?

नाही. पुट्टी ओढायचा रुंद पत्रा पातळ आणि लवचिक असतो. त्याला धार नकोच. त्याची कड सरळ आणि गुळगुळीत असली पाहिजे, बस. पोपडे आणि जुना रंग खरवडायचा स्क्रॅपर जाड आणि ताठ असतो, आणि त्याला धार लागते. काचेवरचे रंगाचे शिंतोडे काढायला बदलायच्या ब्लेडचा स्क्रॅपर असतो, तिथे धार लावत बसायचं नसतं, ब्लेड बदलायचं असतं. फरशीवरचं सिमेंट उचकटायचा लांब दांड्याचा स्क्रॅपर वेगळा, आणि स्टिकर किंवा डिंक काढायचा प्लास्टिकचा वेगळा.

सकाळी ज्या पत्र्याने पोपडे काढले त्यानेच दुपारी पुट्टी ओढायची, ही सवय आधी मोडा. खरवडताना गिलाव्यातल्या वाळूचे खडे लागून कडेला बारीक खाचा पडतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण पुट्टी ओढली की प्रत्येक खाचेची एक उभी रेघ भिंतीवर येते. मग ती घासायला पॉलिश पेपर आणि मजुरी दोन्ही जातात. खरवडायला एक आणि ओढायला एक, असे दोन वेगळे ठेवा. मुठीला रंगीत टेप गुंडाळली की घाईत अदलाबदल होत नाही.

काम चालू असताना पत्रा किती वेळा पुसायचा?

दर दोन-तीन ओढींनंतर. कुशल रंगारी पाहिलात तर त्याच्या एका हातात मोठा पत्रा असतो आणि दुसऱ्या हातात छोटा. भिंतीवर एक ओढ झाली की मोठ्याची कड तो छोट्यावर ओढून साफ करतो, मग छोट्याची कड मोठ्यावर. हा हात बसला की वेगळा वेळ द्यावाच लागत नाही.

लक्ष ठेवायचं ते कोपऱ्यांवर. पुट्टी ओढताना माल पात्याच्या मधून पुढे जातो आणि दोन्ही कोपऱ्यांना थोडा थोडा अडकतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, पंखा चालू असतो, दारं उघडी असतात, आणि कोपऱ्यावरचा तो थर बघता बघता वाळतो. मग त्यातला मोहरीएवढा दाणा सुटून पात्याखाली येतो आणि हातभर लांब चर पडते. रंगारी म्हणतो माल खराब आहे, दुकानदार म्हणतो हात खराब आहे. अशा वेळी आधी पत्र्याचे कोपरे बघावेत.

आणखी एक गोष्ट. पात्यावरून खरवडलेला अर्धवट वाळलेला माल परत घमेल्यात टाकू नका. तो वेगळ्या डब्यात जाऊ दे.

पीओपी दरवेळी कालवता कालवताच घट्ट होतं. माल जुना असेल का?

असू शकतो. ओल लागलेलं पोतं असेल तर पीओपीचं वागणं बिघडतंच. पण आधी घमेलं आणि पत्रा बघा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी मिळून पुन्हा जिप्सम होतं, आणि त्याचे स्फटिक वाढत गेले की ते घट्ट होतं. आधीच घट्ट झालेल्या जिप्समचे कण नव्या मालात पडले तर नवीन स्फटिक त्यांच्याभोवती लगेच वाढायला लागतात. त्यामुळे माल नेहमीपेक्षा लवकर धरतो. घाणेरड्या पत्र्याने कालवलं की मुळात हातात असलेली थोडीशी मिनिटं आणखी कमी होतात.

म्हणून पीओपीच्या कामात एका वेळी कालवलेला माल संपला की दरवेळी पत्रा आणि घमेलं दोन्ही धुवायचे. संध्याकाळी एकदाच धुवून भागत नाही. रबरी घमेलं असेल तर वाळलेलं पीओपी बाहेरून दाबलं की तडकून आपोआप सुटतं. पीओपीला लोखंडी घमेल्यापेक्षा रबरी बरं, ते या कारणासाठी.

पुट्टी वाळून पात्यावर घट्ट बसली आहे. रात्रभर पाण्यात ठेवला तर सुटेल का?

पुट्टी कोणती त्यावर आहे. ॲक्रिलिक पुट्टी कोमट पाण्यात आणि साबणात मऊ पडते. पीओपी थोडंफार भिजून भुसभुशीत होतं. पण पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्यामुळेच घट्ट झालेली असते, त्यामुळे ती परत पाण्यात ठेवून सुटणार नाही. रात्रभर भिजवून पुट्टी तशीच राहते, लोखंड मात्र गंजतं आणि लाकडी मूठ फुगते.

सिमेंटची पुट्टी कोरडीच काढायची. लवचिक पत्रा असेल तर दोन्ही हातांनी हलकेच वाकवा, एकदा इकडे, एकदा तिकडे. थर तडकतो आणि चकत्या उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. उरलेलं दुसऱ्या ताठ स्क्रॅपरने काढा. तो जवळजवळ आडवा धरा, उभा धरलात तर पात्यावर ओरखडे पडतील. शेवटी दोनशेवीस नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून दोन्ही बाजूंनी फिरवा. ठोकळा घ्याच, नुसत्या बोटांनी घासलं की पातं मध्ये खोलगट होतं.

पात्यावर हातोडी मारू नका. गॅसवर धरून रंग जाळायचा प्रकारही काही जण करतात, तोही नको. पोलादाचा रंग निळा पडला म्हणजे ते सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापलं. तिथे त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो, पुढे ते पातं धार धरत नाही आणि वाकलं की वाकलेलंच राहतं. शिवाय जळत्या रंगाचा धूर घरात पसरतो तो वेगळाच.

ऑइल पेंट आणि वार्निश लागलेला स्क्रॅपर कसा साफ करायचा?

ओला असेल तर आधी कोरड्या चिंधीने जितकं निघेल तितकं पुसा. मग थोडं टर्पेंटाइन चिंधीवर घेऊन पुसा, पातं बुडवायची गरज नसते. शेवटी भांड्याच्या साबणाने धुवा, म्हणजे तेलकटपणा जातो. साबणाची पायरी चुकवली तर पुढच्या वेळी पाण्याच्या रंगात तेलाचे डाग उतरतात आणि तिथे रंग बसत नाही.

थिनर वापरणार असाल तर प्लास्टिकच्या मुठीपासून लांब ठेवा. कित्येक प्लास्टिक थिनरने चिकट होतात आणि मूठ कायमची खराब होते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

चिंध्यांबद्दल दोन शब्द, कारण सोलापुरात घरोघरी फाटक्या टॉवेलचा आणि चादरीचा तोटा नसतो. टॉवेलच्या कापडाचे फासे निघतात आणि त्याचे धागे ओल्या पुट्टीत अडकतात. म्हणून काम चालू असताना पुसायला जुनं धोतर, सुती साडी किंवा बेडशीटचा तुकडा घ्या. टॉवेल शेवटी, धुतल्यावर कोरडं करायला. चादरीचा जाड तुकडा पाणी छान पितो, त्यावर धुतलेले पत्रे निथळत ठेवावेत.

जवसाच्या तेलाने किंवा तेलाच्या वार्निशने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. असं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चिंध्यांचा ढीग असेल तर उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि काडी न लावता पेट घेतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हा धोका अजून वाढतो. प्रत्येक चिंधी मोकळ्यावर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

इमल्शन रंग लागला असेल तर?

ओला असताना पाणी. वाळला असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात नुसतं पातं थोडा वेळ बुडवून ठेवा, मूठ वर राहू द्या. रंगाचा पापुद्रा नखाने सुटतो.

सिलिकॉन, टाइलचं चिकट सिमेंट, इपॉक्सी, डांबर: या चौघांचं काय?

सिलिकॉन ओलं असताना पुसत बसलात तर ते सगळीकडे पसरतं. पूर्ण सुकू द्या, मग रबरासारखं सोलून निघतं. टाइलचं चिकट सिमेंट काम संपल्या संपल्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवशी ते पुट्टीपेक्षा चिवट झालेलं असतं. इपॉक्सी घट्ट व्हायच्या आतच पुसलं पाहिजे, नंतर खरवडण्याशिवाय मार्ग नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं डांबर टर्पेंटाइनने जातं. पण डांबराला एक जुना स्क्रॅपर कायमचा देऊन टाकलेला बरा, घरात पुट्टीला तो परत आणू नये.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. एवढी धुवाधुवी कशी करायची?

हा प्रश्न सोलापूरचा आहे आणि खरा आहे. उजनीचं पाणी येईल त्या दिवशी घरात आधी पिंप भरायचं असतं, पत्रे धुवायला कोण देणार?

दोन छोट्या बादल्या घ्या. पहिलीत जेमतेम चार-पाच लिटर पाणी आणि एक जुना ब्रश, दुसरीत तेवढंच स्वच्छ पाणी. पत्रा आधी कोरडा पुसायचा, मग पहिल्या बादलीत घासायचा, मग दुसरीत फक्त बुचकळायचा आणि लगेच फडक्याने कोरडा करायचा. दिवसभराचं काम एवढ्यात होतं. पहिली बादली तासभर स्थिर ठेवली की पुट्टी तळाशी बसते आणि वरचं पाणी त्याच कामाला पुन्हा वापरता येतं. दुसऱ्या दिवशी दुसरी बादली पहिली होते.

तळाचा गाळ मोरीत ओतू नका. सिमेंटची पुट्टी पाण्याखालीसुद्धा घट्ट होते आणि ती पाइपच्या वळणात जाऊन बसते. रंगकामानंतर मोरी तुंबल्याची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. गाळ जुन्या पोत्यावर पसरून वाळवा आणि राड्यारोड्यात टाका. हे पाणी झाडांनाही घालू नका, सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं, तुळस जळून जाईल.

बोअरचं पाणी वापरत असाल तर पत्रा हवेवर वाळायला सोडू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. थेंब जागेवर वाळला की क्षाराचा पांढरा ठिपका राहतो आणि त्याच्या कडेने गंज सुरू होतो. पुसलं की प्रश्न मिटला.

सोलापूर कोरडं. मग इथे गंज चढतो कसा?

गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं, आणि क्षार असले की काम वेगाने होतं. पावसाळी हवेत, विशेषतः सप्टेंबरात जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, माळ्यावरचे पत्रे गंजतात. पण खरं कारण भिंत असते. ओल आलेल्या भिंतीला जो खार फुटतो, तो पांढरा भुगा म्हणजे क्षारच. दिवाळीआधी असली भिंत खरवडायची, स्क्रॅपर नुसता झटकायचा आणि पिशवीत टाकायचा, की आठवड्याभरात कडेला तांबूस पट्टा दिसतो. खार खरवडल्यावर स्क्रॅपर त्याच दिवशी पाण्याने धुऊन कोरडा झाला पाहिजे. इतर दिवशी आळस केलात तर एकवेळ चालेल, या दिवशी नाही.

वरवरचा गंज असेल तर तारेची घासणी आणि थोडं मशीनचं तेल पुरतं. खोल असेल तर एकशेवीस नंबरच्या एमरी पेपरने सुरुवात करून चारशेपर्यंत या. गंज काढल्यावर बोटांनी पातं चाचपून बघा. खड्डे लागत असतील तर तो पत्रा शेवटच्या हाताच्या पुट्टीला वापरू नका, पहिला हात मारायला चालेल.

गंजाला लिंबू, चिंच, व्हिनेगर चालतं का? बाथरूमचं ॲसिड?

लिंबू, चिंच आणि व्हिनेगर चालतात. तिन्हींतलं आम्ल सौम्य असतं. पातं प्लास्टिकच्या टबात व्हिनेगरमध्ये ठेवा, तासा-दोन तासांनी काढून घासा, गरज पडली तर पुन्हा ठेवा. विसरून दोन दिवस ठेवलं तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. ताजं साफ झालेलं लोखंड उघडं ठेवलं तर त्याला लगेच पुन्हा तांबूस झाक येते.

हे काम शहाबादी फरशीवर मात्र करू नका. सोलापुरातल्या जुन्या घरांत अंगणात, पडवीत, मोरीत शहाबादीच असते, आणि ती चुनखडीचा दगड. आम्लाचा थेंब पडला की बारीक फेस येतो, आणि पुसल्यावर तिथे फिका, खरबरीत डाग राहतो. तो कशाने धुऊन जात नाही, कारण दगडाचा वरचा थरच विरघळलेला असतो. कडप्प्याच्या ओट्याचं तेच, संगमरवराचं तेच, आणि मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात म्हणून तिचंही तेच. टबाखाली जुनी ताडपत्री किंवा प्लास्टिकची गोणी अंथरा आणि धुतलेलं पाणीही फरशीवर सांडू देऊ नका. पत्रा नवा घेता येईल, आजोबांच्या वेळच्या फरशीसारखी फरशी परत मिळायची नाही.

बाथरूमचं ॲसिड नको. त्याच्या वाफेने शेजारची हत्यारंही गंजतात आणि पात्याला खड्डे पडतात. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू निघतो. एका पत्र्यासाठी हा धोका कशाला?

ठेवणीत ठेवताना कोणतं तेल लावू?

शिवणयंत्राचं तेल सगळ्यात सोपं. दोन थेंब फडक्यावर घ्यायचे आणि पातं पुसायचं. थर दिसता कामा नये.

घरातलं करडईचं तेल लावू का, असं बरेच जण विचारतात, कारण आपल्या भागात करडई पिकते आणि तेल घरात असतं. ते लावू नका. करडईचं तेल हवेत वाळणाऱ्या तेलांपैकी आहे. जवसाच्या तेलाप्रमाणे ते हळूहळू चिकट होतं आणि मग पापुद्रा धरतं, आणि त्याच्या या गुणामुळे रंगातही ते वापरलं जातं. महिन्याभराने पात्यावर पिवळसर चिकटा होतो, त्यावर धूळ बसते, आणि तो काढायला टर्पेंटाइन लागतं. खोबरेल तेल असं वाळत नाही. थंडीत ते गोठेल, पण अडीअडचणीला चालतं.

काम सुरू करायच्या आधी हे तेल साबणाने पूर्ण काढा. तेलाचा अंश पुट्टीत गेला तर तिथे रंग धरत नाही.

धार केव्हा लावायची आणि कशी?

खरवडताना तुम्ही जोर वाढवायला लागलात, म्हणजे धार गेली. बोथट स्क्रॅपर रंग कापत नाही, नुसता घसरतो. मग आपण अंगाचा भार टाकतो, तो निसटतो, आणि गिलाव्याला खड्डा पडतो किंवा हाताला लागतं. अशा कामात जखमा होतात त्या जास्त करून बोथट हत्याराने.

स्क्रॅपर व्हाइसमध्ये किंवा टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट धरा. चपटी कानस घ्या. मूळ उतार ज्या कोनात आहे त्याच कोनात कानस ठेवा, रंग खरवडायच्या बऱ्याच स्क्रॅपरना तो साधारण पंचेचाळीस अंशांचा असतो. कानस पुढे ढकलताना कापते, म्हणून ढकलताना दाब द्या आणि मागे आणताना उचला. मागेपुढे घासलं की कानसही बोथट होते. उतार पूर्ण चकचकीत दिसला की थांबा. कडेच्या मागच्या बाजूला नख हळूच बाहेरच्या दिशेने फिरवलंत तर बारीक कोर लागेल. आपल्याकडे ओढून चालवायच्या स्क्रॅपरला ती कोर तशीच ठेवा, रंग तीच कापते. पुढे ढकलून चालवायच्या स्क्रॅपरची कोर पॉलिश पेपरच्या एका हलक्या हाताने काढा. कार्बाइडचं पातं असेल तर कानस त्यावर चालतच नाही. त्याला डायमंडची पट्टी लागते, किंवा पातं फिरवून न वापरलेली कड पुढे घ्या.

पुट्टीच्या पत्र्याचं काम उलटं. जाड काचेच्या तुकड्यावर चारशे नंबरचा पाण्याचा पेपर ओला करून चिकटवा, पत्रा त्यावर काटकोनात उभा धरा आणि लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकवा. मग दोन्ही कोपरे पेपरवर अगदी किंचित गोल करा. टोकदार कोपऱ्यानेच भिंतीवर नख ओढल्यासारखी रेघ पडते. कड सरळ झाली का ते बघायला ती स्टीलच्या पट्टीला लावा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर अजून काम बाकी आहे.

गल्लीत धारवाले येतात, त्यांच्याकडून करून घेतलं तर?

खरवडायचा स्क्रॅपर जरूर द्या. त्यांचा हात चांगला बसलेला असतो. फक्त सांगा, “मामा, हलक्या हाताने लावा, आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवा.” चाकावर पातळ पातं पटकन तापतं. कड आधी पिवळसर आणि मग निळी झाली की तेवढा भाग मऊ पडला म्हणून समजा. पुट्टीचा पत्रा देऊ नका. चाक गोल असतं, त्यावर रुंद पात्याची कड सरळ राहणं अवघड.

काचेवरचा रंग काढायचं ब्लेड किती दिवस चालतं?

दिवसांवर जाऊ नका. काच साबणाच्या पाण्याने ओली करून एकाच दिशेने चालवा. ब्लेड अडखळायला लागलं किंवा कडेला खाच दिसली की बदला. गंजलेलं ब्लेड तर काचेला लावूच नका, ओरखडे जाणार नाहीत. काम झालं की ब्लेड पुसून आत सरकवून ठेवा.

जुनी ब्लेडं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा. डबा भरला की झाकण टेपने बंद करा, वर “ब्लेड” असं ठळक लिहा आणि घंटागाडीवाल्यांच्या हातात सांगून द्या. कचऱ्यात सुटं ब्लेड टाकलं तर ते कुणाच्यातरी हाताला लागतं.

जुन्या दाराचा ऑइल पेंट काढायचा आहे. स्क्रॅपरच्या सफाईत वेगळं काही?

हो, आणि याकडे दुर्लक्ष करू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवायचा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खास करून पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं असू शकतं. पेठांमधल्या जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर रंगाचे कितीतरी थर असतात, खालचे थर तर आपल्या जन्माआधीचे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात.

म्हणून कोरडं घासू नका. पाण्याचा फवारा मारून ओलंच खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा. स्क्रॅपर ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा भांड्यांच्या मोरीत तो धुवू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि हात धुतल्याशिवाय तंबाखू, चहा काही नको. स्क्रॅपर झटकला की धूळ उडते, म्हणून झटकायचाही नाही.

मूठ सैल झाली आहे.

लाकडी मूठ पाण्यात भिजत राहिली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि या फुगण्या-आक्रसण्यात रिवेट ढिले होतात. रिवेट ऐरणीवर हलकेच ठोकून बसतो. पातं मुठीत खोचलेलं असेल तर जुना कचरा काढून इपॉक्सी भरा आणि रात्रभर सोडा. वर्षातून एकदा लाकडी मुठीला जवसाचं तेल चोळा, इथे त्याचं वाळणं फायद्याचं. मुठीच्या मागे लोखंडी टोपी असेल तरच तिच्यावर हातोडी मारा.

पत्रे कुठे ठेवावेत?

खिळ्याला टांगून, कडा एकमेकींना लागणार नाहीत असे. बऱ्याच मुठींना त्यासाठी भोक असतंच. बाथरूमच्या माळ्यावर नको, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्येही नको. शेडमध्ये पावसाळ्यात ओल येते आणि उन्हाळ्यात प्लास्टिकच्या मुठी तडकतात. एकावर एक डब्यात ठेवायचे असतील तर प्रत्येक कडेवर जुन्या वायरिंग पाइपचा उभा चिरलेला तुकडा बसवा. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं तर कागद पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. तेलाचं फडकं त्यापेक्षा चांगलं.

स्टेनलेसचा घेतला तर ही सगळी कटकट वाचेल का?

गंजाची बरीचशी वाचेल. पुट्टी पुसायची वाचणार नाही. पुट्टीला स्टेनलेसचा पत्रा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण साध्या लोखंडाचा गंज पांढऱ्या पुट्टीत उतरून पिवळी छटा येऊ शकते. खरवडायला मात्र साध्या कार्बन स्टीलचा ताठ स्क्रॅपरच आम्हाला आवडतो. त्याला कानस लवकर लागते आणि धार मनासारखी येते. खार धरलेल्या भिंतीवर स्टेनलेसलाही ठिपके पडू शकतात, तेव्हा धुणं-पुसणं त्यालाही आहेच.

पत्रा केव्हा बाद समजायचा?

मुठीजवळ पात्याला तडा दिसला की लगेच. जोर लावताना तो तिथेच मोडतो आणि उरलेला तुकडा मनगटाकडे येतो. पातं वाकून सरळ होत नसेल, कड इतकी झिजली असेल की पुट्टी ओढताना मध्ये थर जाड बसतो, किंवा कोपरा तुटला असेल, तर भिंतीच्या कामातून काढा. डबे उघडायला, घमेलं खरवडायला, डांबराला तो अजून चालेल. तडा गेलेला मात्र कशालाच वापरू नका, भंगारात द्या, आणि देताना कडेला टेप गुंडाळा.